पहिला कागद

अंजूरफाट्याहून मानकोलीकडे निघालं की दोन्ही बाजूंना गोदामं सुरू होतात. दापोडे हे त्याच रस्त्यावरचं गाव. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांना सोयीचं होतं, म्हणून भिवंडी तालुक्यातल्या भातशेतांत पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि गोदामांचा पसारा आणखी वाढला. जमीन बहुतेक आगरी कुटुंबांची आणि गोदामात राबणारे हात देशभरातले. शेजारी भिवंडी शहर आहे. तिथल्या यंत्रमागांवर आझमगड-मऊकडचे अन्सारी, तेलंगणातून आलेले पद्मशाली, ओडिशा-बिहारचे कामगार. तालुक्याच्या कडेला वीटभट्ट्या, आणि भट्ट्यांवर कातकरी. इथली एखादी चाळ आठवडाभर कान देऊन ऐकली तर पाच-सहा भाषा सहज कानावर पडतील.

या चाळीतली एक बाई डोळ्यांपुढे आणा. लग्न होऊन आझमगडहून आलेली, तिशीच्या आतली, नवरा मागावर आणि ती गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायला. पगार तिचा, पण मोबाइल नवऱ्याकडे, आणि पगाराचा मेसेजही त्याच्याच मोबाइलवर येतो. खोलीचं डिपॉझिट त्याच्या नावावर. तिचं आधार कार्ड गावच्या पत्त्याचं. तो मारतो हे अख्ख्या चाळीला माहीत आहे, कारण मधल्या भिंतीच तेवढ्या पातळ आहेत. ही बाई मी कल्पनेतून उभी केली आहे. मात्र तिच्याभोवतीची एकही गोष्ट या भागात अनोळखी नाही.

तिच्यासाठी सरकारने काय ठेवलं आहे, हा या प्रकरणाचा विषय. ठेवलं आहे ते थोडं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात पीडित व्यक्तीची व्याख्या ‘कोणतीही स्त्री’ अशी सुरू होते. धर्म, जात, भाषा, मूळ गाव यांची अट त्यात नाही. अर्ज कुठे करायचा, तर ती कायम किंवा तात्पुरती जिथे राहते, जिथे काम करते, तिथल्या न्यायालयात. म्हणजे आझमगडला जाण्याची गरज नाही, भिवंडीचं न्यायालय पुरतं. भाड्याची खोलीही कायद्याच्या भाषेत ‘सामायिक घर’ ठरते, भाडेपावती कोणाच्या का नावावर असेना. तिला तिथून हुसकून लावता येत नाही, आणि गरज पडली तर वेगळ्या खोलीचं भाडं नवऱ्याने भरावं असा आदेशही न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदाच सांगतो. वकिलाचा खर्च नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, 112 वर पोलिस येतात, कायदेशीर मदतीसाठी 15100 आहे.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) दिसलं ते असं : शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी अवघ्या 14 टक्के बायकांनी कोणाची तरी मदत मागितली, आणि 77 टक्के बायकांनी मदत मागणं दूरच, कोणाला सांगितलंही नाही. मदत मागणं म्हणजेही बहुतेक वेळा माहेर, सासर, शेजार. सरकारी दारापर्यंत पोहोचणारी बाई त्यातही विरळा. माझ्या मते या दारात पोहोचलेल्या बाईचं पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर ठरतं. तिचा पहिला कागद कोण लिहितं आणि कोणत्या शब्दांत लिहितं.

पोलिस ठाण्यापासून सुरुवात करू. आपली बाई समजा गेली. ‘मरद मारता है’ एवढंच म्हणाली. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा, म्हणून एक एनसी लिहून हातात दिली जाते. एनसी म्हणजे नोंद झाली एवढंच. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना पुढे तपास करता येत नाही. घरी गेल्यावर नवरा विचारतो, काय झालं? काहीच झालेलं नसतं, आणि ते त्याला कळतं. पुढचा मार त्या कागदासकट बसतो. वास्तविक नवऱ्याची वा सासरची क्रूरता हा दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वीचं कलम 498-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85. शिवाय 2005 च्या कायद्याचं पाचवं कलम पोलिसांवर एक कर्तव्य टाकतं : संरक्षण अधिकारी असतात, मोफत वकील मिळतो, आदेशासाठी अर्ज करता येतो, हे तिला सांगायचं. पण ‘मारता है’ या दोन शब्दांत किती वर्षं, कशाने, कोणासमोर, पैसे कोण घेतं, पोरं कुठे आहेत, यातलं काहीच येत नाही. ते विचारून काढावं लागतं, तिला उलगडेल अशा बोलीत.

हे विचारून काढण्यासाठीच कायद्याने एक नमुना दिला आहे. नाव रूक्ष आहे : कौटुंबिक घटना अहवाल, सगळे डीआयआर म्हणतात. हा नमुना मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी वाटतं की तो तयार करणाऱ्यांनी बायकांचं ऐकलं होतं. त्यात मारहाणीचा रकाना आहेच. पण त्याखेरीज चारित्र्यावर संशय घेतला का, मुलगा होत नाही म्हणून हिणवलं का, नोकरी करण्यापासून अडवलं का, घराबाहेर पडू दिलं नाही का, आत्महत्येची धमकी दिली का, असंही विचारलेलं आहे. आर्थिक छळाचा भाग तर दापोड्याच्या चाळीसाठीच लिहिल्यासारखा वाटतो : पगार वा मजुरी काढून घेतली का, खोलीचं भाडं थकवलं का, अन्न, कपडे, औषध दिलं नाही का, घराच्या एखाद्या भागात जाऊ दिलं नाही का, स्त्रीधन विकलं वा गहाण टाकलं का. पगाराचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर येणं आणि पैसे त्याने काढणं हा छळ आहे, असं आपल्या बाईला कोणीच सांगितलेलं नसतं. तिच्या लेखी तो संसार असतो. प्रश्न विचारला गेला तरच ती त्याचं उत्तर देईल.

हा अहवाल भरायचा संरक्षण अधिकाऱ्याने किंवा नोंदणीकृत सेवा देणाऱ्या संस्थेने. महाराष्ट्रात संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. अहवालात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा लागते, आणि इथेच बोलीचा आणि कागदाचा खटका उडतो. तारखा आठवतात कोणाला? आपली बाई सांगते, रमजानमध्ये, दुसऱ्या जुम्म्याच्या आदल्या रात्री. कातकरी बाई सांगते, भट्टीवर यायच्या आधी, उचल घेतली त्या दिवशी. पद्मशाली बाई सांगते, बतुकम्माचा सण चालू होता तेव्हा. चांगली कार्यकर्ती भिंतीवरचं कॅलेंडर काढते, मागच्या पानांवर बोट फिरवत तिच्याबरोबर तो जुम्मा शोधते आणि मग तारीख लिहिते. घाईतला माणूस लिहितो, ‘तक्रारदारास तारीख आठवत नाही’. वाक्य खरं असतं. पण सहा महिन्यांनी न्यायालयात समोरचा वकील त्याच वाक्यावर बोट ठेवतो.

हे काम पोलिसाचं नाही आणि कारकुनाचंही नाही, हे महाराष्ट्रात इतर राज्यांच्या बरंच आधी ओळखलं गेलं. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली व्यक्ती पोलिसांच्या आवारात बसणार, पण पोलिसांच्या हुकमतीखाली नसणार, ही त्यामागची कल्पना. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ती आपलीशी केली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष झाले. या कक्षात येणाऱ्या बायकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘केस नको, त्याला फक्त समज द्या.’ बाहेरच्याला हे कच खाणं वाटतं. तसं ते नाही. तिला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नसतं. तिला मार थांबायला हवा असतो, खोली आणि पोरं हवी असतात. 2005 चा कायदा नेमकं हेच देऊ शकतो. त्याचे आदेश दिवाणी स्वरूपाचे आहेत : मारू नकोस, हुसकू नकोस, खर्च दे. आदेश मोडला तरच गुन्हा, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘फक्त समज द्या’ याचं कायदेशीर भाषांतर म्हणजे संरक्षण आदेश. ते भाषांतर करणारं माणूस समोर नसलं की तडजोडीच्या कागदावर अंगठा देऊन बाई परत त्याच खोलीत जाते.

पोलिस ठाण्यापेक्षाही सोपं एक दार आहे. दवाखान्याला जाते म्हणून घरी सांगता येतं, ठाण्याला जाते म्हणून सांगता येत नाही. पोराची लस, बाळंतपण, ताप, यासाठी तिला सोडतात. हे हेरून मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 2000 च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. रुग्णालयाच्या आत, रुग्णालयाचीच माणसं प्रशिक्षण देऊन तयार केलेलं असं देशातलं हे पहिलं केंद्र. तिथे परिचारिकेला शिकवलं जातं ते साधंच वाटेल. ‘पडले’ म्हणणाऱ्या बाईची जखम पडल्यावर होते तशी आहे का, ते बघ. बरोबर आलेल्या माणसाला औषध आणायला पाठव. मग विचार. आणि केसपेपरवर ‘पडल्याने इजा’ लिहून मोकळी होऊ नकोस. केसपेपर हाही पहिला कागदच. पुढे न्यायालयात मार सिद्ध करायला त्याच्याइतका भक्कम कागद क्वचित असतो. 2005 च्या कायद्याखालच्या 2006 च्या नियमांनुसार घटना अहवाल नाही म्हणून कोणताही दवाखाना तिला उपचार नाकारू शकत नाही, हेही इथे सांगून ठेवतो.

आता भिवंडीची स्वतःची एक अडचण. 1970 आणि 1984 च्या दंगली या शहराने पाहिल्या आहेत. ज्या मोहल्ल्यात पोलिसांची गाडी म्हणजे धरपकड हीच आठवण आहे, तिथे बाईने 112 लावणं हा नुसता नवऱ्याविरुद्धचा फोन राहत नाही. अख्ख्या गल्लीत पोलिस आणले, हा ठपका तिच्या माथी येतो. पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या बांधल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. विश्वास कमावता येतो याचा तो पुरावा आहे. पण त्या समित्या दंगल टाळण्यासाठी होत्या. घराच्या आतल्या मारासाठी तसा विश्वास वेगळा कमवावा लागतो, आणि तो गाडीतून उतरलेल्या शिपायापेक्षा दर मंगळवारी अंगणवाडीत दिसणाऱ्या बाईकडून लवकर मिळतो.

मुस्लिम बाईला आणखी एक गोष्ट हमखास ऐकवली जाते : तुझ्यासाठी वेगळा कायदा आहे, तो जमातीत चालतो. हे अर्धवट आहे. 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हापासून मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात लढा चालू आहे. पोटगीबाबतचा शाहबानो निकाल 1985 चा, त्यावरचा कायदा 1986 चा. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, 2019 च्या कायद्याने तो गुन्हा केला. 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेतूनही पोटगी मागता येते. या सगळ्याच्या गदारोळात 2005 चा कायदा मागे पडतो, याचं मला वाईट वाटतं. तो मुस्लिम स्त्रीलाही जसाच्या तसा लागू आहे. 2014 मध्ये मुंबईतल्या एका मुस्लिम स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आधी झालेल्या हिंसेबद्दल घटस्फोटानंतरही या कायद्याखाली दाद मागता येते. तलाक झाला म्हणून तिच्या तोंडावर दार लावता येत नाही.

वीटभट्टीवरच्या कातकरी बाईची गोष्ट याहून अवघड. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परततं. उचल म्हणजे आगाऊ घेतलेलं कर्ज, ती मिळते जोडीला. काम नवरा-बायको मिळून, हिशेबही दोघांचा एकत्र. त्यामुळे मार असह्य होऊन बाई निघून गेली तर नवऱ्याची बायकोच नव्हे, मालकाची अर्धी जोडी जाते. मग तिला शोधायला मुकादम निघतो. इथे नुसता कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लावून भागत नाही, कारण तिला घरात कोंडणारी साखळी घराबाहेरून आलेली आहे. वेठबिगारी निर्मूलन कायदा, 1976 लावावा लागतो. या कायद्याने असं कर्ज संपुष्टात येतं, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही. 2016 च्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषणासारख्या घोर प्रकरणांत तीन लाख रुपयांपर्यंत पुनर्वसन निधी आहे. याच ठाणे-पालघर पट्ट्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचं काम उभं केलं, आणि तिथेही सारी लढाई पहिल्या कागदाचीच होती : तहसीलदाराने ‘वेठबिगार’ हा शब्द लिहायचा की ‘मजुरीचा वाद’. मालकाने वा मुकादमाने, तो आदिवासी वा दलित नसताना, तिच्यावर हात टाकला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, शासनाकडून अर्थसाह्य मिळतं. नवरा स्वतः त्याच जमातीचा असेल तर मात्र हा कायदा त्याला लागत नाही. परराज्यातून आलेल्या आदिवासी-दलित बायकांना ‘तुमचा दाखला इथला नाही’ म्हणून परत पाठवलं जायचं. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की या कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं नाही, देशात कुठेही आहे.

पहिल्या कागदाने काय होतं हे भारताला शिकवलं तेही महाराष्ट्रातल्याच एका आदिवासी मुलीने. 26 मार्च 1972 ला देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात ती भावाच्या तक्रारीसंबंधी गेली होती. तिथेच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने ओरडा केला नव्हता, असं कागदावर होतं. पोलिस ठाण्यात एका गरीब आदिवासी पोरीने पोलिसांसमोर ओरडावं कसं, हा प्रश्न कागदाने विचारलाच नाही. तो 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. 1983 ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात पीडित स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ म्हटलं तर न्यायालय तेच धरून चालेल, असं ठरलं.

परदेशी गेलेल्या मराठी घरांतही हा कागद दुसऱ्या रूपात भेटतो. ब्रिटनमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईच्या कागदावर सरकारी मदत मिळणार नाही अशी अट असते, आणि म्हणून निवारागृहं तिला घ्यायला कचरायची. 1979 पासून लंडनमध्ये दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांसाठी काम करणाऱ्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्सने याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. 2012 पासून हिंसेला तोंड देणाऱ्या अशा बाईला काही काळ सरकारी मदत घेता येऊ लागली.

दापोड्याच्या आपल्या बाईकडे परत येऊ. समजा एका रात्री तिला बाहेर पडावंच लागलं. 1 एप्रिल 2015 पासून निर्भया निधीतून सखी वन स्टॉप सेंटरची योजना आहे. तिथे दवाखाना, पोलिस, वकील, समुपदेशन एका छताखाली, आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. त्याहून जास्त दिवस लागले तर शक्ती सदन हे निवारागृह. ही केंद्रं साधारण जिल्ह्याच्या पातळीवर असतात. रात्री अकरा वाजता, दोन पोरं आणि एक पिशवी घेऊन, मोबाइल नसताना ठाणे शहराकडे जायचं म्हणजे पहिली अडचण रिक्षाच्या भाड्याची. म्हणून 181 किंवा 112 वर फोन लावणारं दुसरं कोणी लागतं. ते कोणीही असू शकतं. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार हिंसा होत आहे असं ज्याला वाटतं तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर काही बालंट येत नाही. शेजारीण, गोदामाची सुपरवायझर, आशाताई, खोलीमालक.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की घटना अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, ती थेट अर्ज करू शकते. अहवाल भरला असेल तर त्याची प्रत तिला फुकट द्यायची असते. ती प्रत देताना अनुभवी कार्यकर्ती एक प्रश्न विचारते, जो नमुन्यात नाही : हे ठेवणार कुठे? घरी नेलं तर फाडलं जाईल, आणि फाडणारा आधी वाचेल. मग विचार सुरू होतो. गोदामात लॉकर नाही. माहेर आझमगडला. शेवटी पलीकडच्या खोलीतल्या तेलुगू बाईचं नाव निघतं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही, पण तिच्या तांदळाच्या डब्यात तिच्या स्वतःच्या भिशीचे पैसे असतात आणि तिचा नवरा त्या डब्याला हात लावत नाही. कागदाची चार घड्यांची पुडी करून ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली जाते, आणि कार्यकर्ती दुसरी प्रत काढून कक्षाच्या फाइलला लावते.